धबधब्यामागच्या शाळेतलं जेवण

अग्बेको सरांनी वही माझ्यापुढे धरली तेव्हा मी चवळी निवडत बसले होते. बुधवारच्या चवळीत एक खडा निघाला तर दोनशे बारा मुली माझ्या नावानं बोटं मोडतात, म्हणून सोमवारपासून मी स्वतःच बसते. दुसऱ्यावर सोपवलं की मला चैन पडत नाही.

"मॅट्रन, एक छोटं काम होतं," सर म्हणाले.

इंग्रजीचे मास्तर स्वयंपाकघरात येतात ते एकतर भूक लागली म्हणून, नाहीतर काहीतरी गळ्यात मारायला. जेवण तर त्यांचं झालेलं होतं, मी स्वतः वाढलं होतं.

"बोला," मी म्हटलं, आणि सूप जरा पुढ्यात ओढून घेतलं.

"दुसऱ्या वर्षाची यायरा आहे ना, तीन नंबर हाउसची, तिनं स्पर्धेसाठी मोठी गोष्ट लिहिलीय. जादूच्या शाळेची. पहिला नंबर आला तर आक्राचा एक प्रकाशक पुस्तक छापणार आहे. शनिवारी बक्षीस समारंभ. निकाल हेडमिस्ट्रेस मॅडम देणार."

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"गेल्या वर्षी आपल्याच एका मुलीची गोष्ट मॅडमनी कशी कापली आठवतंय? चार बायका एका तासात दोन हजार केंकी बांधतात असं तिनं लिहिलं होतं. मॅडम भर सभेत म्हणाल्या, या मुलीनं जन्मात मक्याच्या पानात पीठ गुंडाळलेलं दिसत नाही." सरांनी घाम पुसला. "तर तुम्ही फक्त व्यवस्था पटते का तेवढं बघा. जेवण, पाणी, राहणं. भाषा मी बघितलीय."

"जादूच्या शाळेत व्यवस्था कशाला पटायला हवी?"

"मॅडमना पटायला हवी," सर म्हणाले आणि वही चवळीवर ठेवून निघूनही गेले.

आता आमच्या कुमोर्जी मॅडमबद्दल सांगायचं तर त्या याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी. रोज सकाळी साडेसहाला मोठ्या फाटकाशी उभ्या राहतात, गावातून येणाऱ्या प्रत्येक मुलीचं 'गुड मॉर्निंग' घेतात आणि तेवढ्यात तिला नखशिखान्त पाहून घेतात. त्यांना फसवणं सोपं नाही. आणि मला तर नाहीच नाही. एकवीस वर्षं हे स्वयंपाकघर सांभाळतेय, माझ्या नजरेतून कांद्याची पात सुटत नाही. निदान त्या सोमवारपर्यंत माझी तशी समजूत होती.

त्या दिवसांत माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. कारण तीन नंबर हाउस, मुलींच्या सहा वसतिगृहांतलं एक. या सत्रात त्या हाउसमध्ये पोटदुखीची साथच आली होती. रोज संध्याकाळी हाउस सांभाळणाऱ्या मुलीची, प्रीफेक्टची, चिठ्ठी यायची: अमुक मुलीचं पोट दुखतंय, तिचं ताट खोलीवर पाठवावं. मग मैत्रीण येऊन झाकलेलं ताट घेऊन जायची. बाकी पाच हाउस ठणठणीत, तीन नंबरचीच पोटं नाजूक. मी सरळ एफो सेन्योवर संशय घेतला. एफो, म्हणजे वयानं मोठा म्हणून तसं म्हणायचं, नाहीतर माझ्या हाताखालचाच स्वयंपाकी. तीन नंबरच्या टेबलांची भांडी तो भरतो. तीन आठवडे मी त्याला धारेवर धरलं होतं. हात धुतलेत का, भेंडी धुतलीत का, पाम तेल जुनं तर वापरलं नाहीत. एकदा तर सगळ्यांसमोर त्याची नखं पाहिली. साठीचा माणूस, काही बोलला नाही. काही बोलला नाही म्हणून माझा संशय आणखी वाढला.

असो. दुपारी मुली वर्गात गेल्यावर मी पेन्सिल घेऊन वही उघडली.

यायराची शाळा धबधब्यामागे, डोंगराच्या पोटात. नऊशे मुली. ढोल वाजला की चटया उडतात आणि मुली आपापल्या वर्गात. ठीक आहे, उडू देत. पण सकाळी सहाच्या आत या नऊशे मुली त्या एका धबधब्याखाली आंघोळ उरकतात. मी समासात लिहिलं: 'एकीला दोन मिनिटं धरली तरी शेवटचीची आंघोळ दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर वास.'

पुढे जेवण. टाळी वाजवली की ताटात गरम आक्प्ले आणि भेंडीचं कालवण प्रकट होतं. इथे मात्र मला राग आला. मक्याचं पीठ कुणीतरी घोटल्याशिवाय आक्प्ले होत नाही. खांदे भरून येतात, डोळ्यांत धूर जातो, तेव्हा कुठे गुठळी मोडते. मग या पोरींच्या ताटात जे प्रकट होतं, ते दुसऱ्या कुठल्यातरी बाईच्या पातेल्यातून नाहीसं होत असणार. ती बाई कोण? तिला कुणी विचारलं? मी लिहिलं: 'ही चोरी आहे.' उष्टी ताटंही टाळीनंच गायब. मी लिहिलं: 'गायब होऊन कुठे जातात? कुठेतरी ढीग पडलेला असणार. तिथे कोण बसलंय घासायला?' मंत्रानं युनिफॉर्म धुतला जातो, आणि पुढच्याच प्रकरणात एकीला मळक्या कॉलरबद्दल शिक्षा. नऊशे मुलींना मास्तर सात, त्यांतला एक भूत. पाच प्रकरणं होईस्तोवर समास माझ्या अक्षरांनी भरून गेला. खरं सांगते, मजा येत होती. दुसऱ्याचं स्वयंपाकघर तपासण्यासारखं सुख नाही.

सहाव्या प्रकरणात पेन्सिल थांबली.

या प्रकरणात एक मुलगी येते. तिला त्या शाळेत शिकायची परवानगी आहे, पण राहायची नाही. तिचं घर पाण्यापलीकडे. म्हणून चोवीस मुलींच्या एका खोलीत ती पंचविसावी म्हणून लपून राहते. सगळ्या तिला 'वरची' म्हणतात, मोजणीच्या वरची. रोज संध्याकाळी एका मुलीला चंद्रताप चढतो आणि ती पारदर्शक होते, म्हणून तिचं ताट खोलीवर येतं. ताट एक, चमचे दोन. कमी पडेल ते एका पेटीतून घ्यायचं. त्या पेटीवर कुणाचंच नाव नाही आणि तिच्यात दर रविवारी प्रत्येक मुलगी आपल्या गारीतून, भाजलेल्या कसाव्याच्या रव्यातून, एक वाटी टाकते. ताप चढतो तो खाटेच्या नंबरानं, म्हणजे एकीवर चोविसाव्या दिवशीच अर्धपोटी राहायची पाळी. आणि उजाडताना ही वरची मुलगी लाकडं आणणाऱ्यांच्या दिंडीदारातून बाहेर पडते, डोंगराला वळसा घालते आणि मोठ्या दारातून बाहेरच्या मुलींबरोबर आत येते. कारण दाराला फक्त बाहेरून आलेली माणसं ओळखता येतात.

मी दोनदा हिशेब करून पाहिला. कुठेच गळती नाही. ताट पुरतं, गारी पुरते, पाळी नीट फिरते, वेळ जमते. ज्या पोरीला नऊशे जणींची आंघोळ जमवता आली नाही, तिला हे कसं जमलं? पंधरा वर्षांच्या मुलीची कल्पना इतकी शिस्तीची नसते. हे तिनं रचलेलं नव्हतं. हे ती रोज करत होती.

चिठ्ठ्या मी तारेला टोचून ठेवते. उठले, तार काढली, तीन नंबरच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि शेजारी हाउसची खाटांची यादी ठेवली. पहिली चिठ्ठी खाट एक. दुसरी खाट दोन. तीन, चार, पाच. सतरा नंबर तेवढा गाळलेला, कारण त्या आठवड्यात ती मुलगी खरोखरच मलेरियानं दवाखान्यात होती. चोवीसपर्यंत गेल्या आणि पुन्हा एकपासून सहापर्यंत. पोटदुखी रांगेत उभी राहून आली होती आणि मी एफो सेन्योची नखं तपासत होते.

तशीच उठून तीन नंबरच्या पेट्यांच्या खोलीत गेले. आमच्याकडे प्रत्येक मुलगी घरून लाकडी चॉप बॉक्स आणते. गारी, शितोची, म्हणजे तिखट मिरचीच्या चटणीची, बाटली, साखर, बिस्किटं, सगळं त्यात. झाकणावर रंगानं नाव आणि वर कुलूप, कारण बहिणीबहिणीही एकमेकींच्या शितोवर विश्वास ठेवत नाहीत. मोजल्या. पंचवीस. कोपऱ्यातल्या पेटीवर ना नाव ना कुलूप. आत अर्धी पेटी गारी आणि नीट घडी घातलेले पायमोजे.

मंगळवारी पहाटे सव्वापाचला मी लाकडांच्या ढिगाआड जाऊन उभी राहिले. या वयात, शाल गुंडाळून, आपल्याच स्वयंपाकघराची पाळत. थोड्या वेळानं एक सडपातळ मुलगी आली, बूट हातात. मागचं छोटं फाटक तिनं हलकेच ढकललं, बाहेर जाऊन बूट घातले आणि भिंतीकडेनं चालू लागली. मी पुढून मोठ्या फाटकाशी गेले आणि झाडाखाली उभी राहिले. साडेसहाला गावातल्या मुलींबरोबर ती आत आली, सगळ्यांत पुढे. "गुड मॉर्निंग, मॅडम." कुमोर्जी मॅडमनी मान हलवली. बाकीच्या मुलींचे बूट लाल मातीनं भरलेले, रस्ताच तसा आहे. हिचे काळेभोर, चकचकीत. पण मॅडमची नजर तोवर पुढच्या मुलीवर गेली होती.

त्या दिवशी मी रागानं धुमसत होते. खोटं कशाला बोलू, मला त्या मुलीची दया वगैरे आली नव्हती. माझ्या नाकाखाली, माझ्या ताटातून, अख्खा एक महिना. चोवीस कार्ट्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. सरळ मॅडमकडे जायचं ठरवून मी ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत गेलेही होते. मग वाटलं, आधी तोंडावर विचारू, रडलेल्या बघू, मग जाऊ.

शाळा सुटल्यावर दोघींना कोठीत बोलावलं. यायरा बुटकी, गोल चेहऱ्याची, बोलायला पुढे. दुसरी, देला, दाराशीच उभी.

मी वही उघडली. "तुझी गोष्ट वाचली. पाच प्रकरणं भंकस आहेत."

"हो मॅट्रन," यायरा म्हणाली.

"सहावं फार छान आहे. खाट नंबर आठ आज आजारी पडणार ना? कुठली ती, आब्ला की सेफाकोर?"

यायराचा चेहरा उतरला. देलानं मात्र लगेच तोंड उघडलं. "मॅट्रन, यांचा काही दोष नाही. मीच मागे लागले होते."

"खोटं बोलते ही," यायरा म्हणाली. "तिनं एकदासुद्धा मागितलं नाही. ती तर शाळा सोडून चालली होती."

"तुम्ही दोघी गप्प बसा. मी विचारेन तेवढंच सांगायचं. तुझं गाव कुठलं गं?"

देलानं नाव सांगितलं. सरोवराच्या पलीकडचं. तिथून आधी होडी, मग दोन ट्रोट्रो गाड्या बदलायच्या. कुठली मुलगी कुठल्या शाळेत, राहायला की घरून, हे सरकारचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि कॉम्प्युटरला मधलं पाणी दिसत नाही. त्यानं हिला घरून येणारी ठरवलं होतं. पहिले पाच आठवडे ती खरोखर घरून आली. तीनला उठायचं, दुसऱ्या तासाला पोचायचं, उशिरा आली म्हणून दुपारी मैदानावरचं गवत कापायचं आणि परत फिरायचं. सहाव्या आठवड्यात गवत कापता कापता पडली. तिला उचलून खोलीत नेणारी यायरा.

"गावात कुणी नातेवाईक?"

"नाही मॅट्रन."

"सकाळी काय खातेस?"

"यायराच्या ब्रेडमधला अर्धा."

"आणि ही?"

"उरलेला अर्धा," यायरा म्हणाली, जसं काही मी फारच सोपं गणित विचारलं होतं.

मी गारीच्या पोत्यावर बसले. तेवढ्यात एफो सेन्यो कांदे घ्यायला आत आला. दोघींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपली खाली ठेवली.

"कळलं वाटतं," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लाकडांच्या फाटकाची कडी पहाटे कोण काढून ठेवतं असं वाटलं तुम्हाला? ती काही जादूनं निघत नाही, दाव्ही." दाव्ही म्हणजे ताई.

"मग तीन आठवडे मी तुम्हाला फाडून खाल्लं तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही माझी नखं सोडून हिच्या मागे लागला असता," असं म्हणून तो कांदे घेऊन गेला. मला इतकी लाज वाटली की दोघी समोर नसत्या तर मी खांद्यावरचं कापड डोक्यावरून ओढून घेतलं असतं.

माझ्या क्वार्टरमध्ये तिला ठेवता आलं असतं, पण स्टाफच्या घरात विद्यार्थिनी ठेवायची नाही असा नियम दोन वर्षांपूर्वीच झालाय. आणि नियम बाजूला ठेवून ही गोष्ट वर गेली तर देलाचं नाव कटणार, चोवीसजणी घरी जाणार, वर प्रीफेक्टचा बिल्ला जाणार. गेल्या वर्षी नुसतं मोबाइल लपवण्यावरून सहाजणींना घरी धाडलं होतं. देला एकदा गेली की सरोवरापलीकडून परत कशाची येते? आणि या शहाण्या मुलीनं तो सगळा बंदोबस्त स्वच्छ अक्षरात लिहून, वर चंद्रतापाचा मुलामा देऊन, सरळ कुमोर्जी मॅडमच्या टेबलावर पाठवायचं ठरवलं होतं.

"तुला अक्कल आहे का?" मी यायराला विचारलं. "हे मॅडम वाचणार आहेत."

"पण सगळं बदललंय ना, मॅट्रन. धबधबा आहे, चटया आहेत. पोटदुखीचा चंद्रताप केलाय."

"आणि खाटा?"

तिची नजर वहीवर गेली.

"पेटी? दिंडीदार? गारीची वाटी? अगं, मी भेंडी चिरणारी बाई, मला एका दुपारी कळलं. मॅडम या शाळेत शिकल्यात."

"सर म्हणाले, हेच प्रकरण सगळ्यांत चांगलं आहे. यावरच नंबर येईल."

"म्हणून तर ते बदलायचं. हे बघ, लिही की तिला जेवायलाच लागत नाही. ती धबधब्याचे तुषार पिऊन राहते. रात्री भिंतीत झोपते. सकाळी धुक्याबरोबर बाहेर जाते. संपलं."

यायरा म्हणाली, "पण मॅट्रन, हे पटणार नाही. माणूस जेवल्याशिवाय अख्खं सत्र कसं राहील?"

"पटायला नकोच आहे."

"तुम्हीच समासात लिहिलंय, जेवण कुठून येतं ते सांग म्हणून. मी त्या बाईचं पण प्रकरण लिहिणार होते. जिच्या पातेल्यातून आक्प्ले जातं तिचं."

हे ऐकून मला कसंतरीच झालं. "लिही की मग. पण हे प्रकरण गेलं पाहिजे."

तिचे डोळे भरून आले. पुस्तकात नाव छापून येणार, आई बाजारात सगळ्यांना दाखवणार, असं ती महिनाभर घोकत होती, नंतर देलानंच मला सांगितलं. देला पुढे झाली. "नको बदलू. मी जाते घरी. नाहीतरी परीक्षा झाल्यावर…"

"तू तोंड बंद ठेव," यायरा तिला म्हणाली. मग मला म्हणाली, "गुरुवारी देते नवीन लिहून."

जुनी पानं मी वहीतून कापून घेतली आणि माझ्या पेटीत, चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकाखाली ठेवली. बुधवारपासून मी आणखी एक केलं. आजारपणाच्या ताटात दोन माणसांचं वाढायला लागले. वाढताना चवळी जास्त पडली की हात लागला म्हणायचं. गुरुवारी प्रीफेक्टलाही बजावलं की पाळी जरा उलटसुलट करा, खाटांनी कुणी आजारी पडत नाही.

शनिवारी मंडपात सगळे पालक, चर्चचे लोक, बँडवाल्या मुली. कुमोर्जी मॅडम उभ्या राहिल्या. पहिला नंबर पाच नंबर हाउसच्या एका मुलीचा, तिच्या आजोबांच्या होडीची गोष्ट. दुसरा यायराचा. बक्षीस म्हणून डिक्शनरी.

"या दुसऱ्या गोष्टीत," मॅडम माइकवर म्हणाल्या, "जेवण घोटणाऱ्या बाईचं प्रकरण मी दोनदा वाचलं. पण त्यानंतर एक मुलगी येते आणि अख्खं सत्र पाण्याचे तुषार पिऊन राहते. तेही खोलीतल्या चोवीसजणी रोज शेजारी जेवून येत असताना. जादू मला चालते. पण मैत्रिणी उपाशी ठेवतात, हे मला नाही पटलं."

लोक हसले. यायरानं डिक्शनरी घेतली, गुडघा वाकवून नमस्कार केला आणि खाली उतरली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी टाळ्या वाजवत होते आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता.

कार्यक्रमानंतर मॅडमनी मला ऑफिसच्या व्हरांड्यात बोलावलं. हातात यायराची वही. मी मनातून सावध झाले.

"मॅट्रन, समासात तुमचं अक्षर दिसलं. छान तपासलंय. सहाव्या प्रकरणाला मात्र तुम्ही काहीच लिहिलेलं नाही."

"ते नजरेतून सुटलं असेल, मॅडम."

"तुमच्या नजरेतून?" त्यांनी पान उलटलं. "ही शाई नवीन दिसते. मधली पानं कापलेली आहेत."

"मुली काय, शाई सांडतात, मॅडम."

त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला. "आमच्या वेळी तीन नंबरमध्ये अशी एक मुलगी होती. तिला जेवायला लागायचं. आम्ही खाटेच्या नंबरानं आजारी पडायचो. मी अकरा नंबर." मग त्या म्हणाल्या, "या मुलीनं ते लिहिलं असतं तर पहिला नंबर तिचाच होता."

ही बाई मला कबूल करायला लावतेय की काही सांगतेय? एकवीस वर्षांत मी कुणाचा चेहरा इतका निरखून पाहिला नसेल. त्या चेहऱ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. 'हो' म्हणावं तर पोरी जातात, 'नाही' म्हणावं तर मी खोटारडी. मी म्हटलं, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मॅडम."

"असेल," त्या म्हणाल्या. वही माझ्या हातात दिली. "मला काही माहीत नाही आणि मला काही सांगूही नका. मला सांगितलंत तर मला लिहून वर कळवावं लागेल." मी पायऱ्यांपर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला. "मॅट्रन, एक मुलगी रोज फाटकातून सगळ्यांच्या आधी येते. इतक्या लांबून येते म्हणे, आणि बुटांना धूळ म्हणून नाही. मी आहे म्हणून ठीक. मी आजारी पडले की फाटकाशी असिस्टंट हेड उभे राहतात."

सोमवारी सव्वापाचला मी लाकडांच्या ढिगाशी उभी होते, या वेळी लपून नाही. कडी एफो सेन्योनं आधीच काढून ठेवली होती. देलाबरोबर यायराही आली होती, तिला निरोप द्यायला, केस विस्कटलेले. मी शालीखालून कापलेली पानं काढली आणि यायराच्या हातात दिली.

"जपून ठेव. शाळा पूर्ण झाली की छापायला दे. पहिला नंबर होता म्हणाल्या त्या."

"कोण म्हणालं?"

"अकरा नंबरची खाट," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, आणि सांगायला मला वेळ नव्हता. देला फाटकाबाहेर बूट घालत होती. मी खाली वाकले, रस्त्याकडेची लाल माती मूठभर उचलली आणि आक्प्लेच्या पातेल्यात पीठ भुरभुरते तशी तिच्या बुटांवर टाकली. मग थोडी पायमोज्यांवरही. ती दचकून मागे सरली.

"हलू नकोस," मी म्हटलं. "तू तीनला उठून सरोवरापलीकडून आली आहेस."